हिरडीचे रक्त



गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त सुरतेस जाण्याचा योग आला. उतरलो होतो उधन्याच्या बाजूस, एका खानदेशी गृहस्थांकडे. तापीच्या वरच्या अंगाने येऊन तापीच्याच मुखाशी स्थिरावलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आहेत. हे त्यांतलेच एक. गृहस्थांची सारी उमेद यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. आता ते निवृत्त आहेत आणि हिरड्यांच्या दुखण्याने बेजार आहेत. दात घासले की रक्त येते, खालची एक दाढ हलते. दंतवैद्याकडे मी त्यांच्या सोबत गेलो. आतून तपासून ते बाहेर आले आणि बाकावर बसत मला म्हणाले, "मास्तर, हिरडीतून रक्त जातं म्हणून मी इथं आलो, आणि हा डॉक्टर म्हणतो दंडातून आणखी थोडं काढू, यंत्रात फिरवू आणि त्याच हिरडीत भरू. हे कसलं औषध?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या बाकावर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नव्हते. म्हणून आज ते जरा विस्ताराने देण्याचा प्रयत्न करतो. योगायोग असा की, त्या उत्तराचा एक धागा सुरतेतच सापडतो, आणि तो साडेतीनशे वर्षांमागचा आहे.

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ साल आठवते. त्यानंतर दहाएक वर्षांनी, ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर नावाचा एक शस्त्रवैद्य सुरतेच्या वखारीत राहून गेला. इंग्लंड सोडले तेव्हा १६७२ साल सरत आले होते. परत गेला तो १६८२ मध्ये. आणि त्याचा प्रवासग्रंथ लंडनला छापला गेला १६९८ साली. ग्रंथ पत्ररूप आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा वृत्तान्त त्यात आला असल्याने आपल्या इतिहासकारांना तो परिचित आहे. पण सुरत आणि दख्खन यांना वाहिलेल्या त्याच्या पत्रात येथील वैद्यकाविषयी जे आले आहे, त्याकडे लक्ष कमी जाते. फ्रायरची तक्रार अशी की, येथे वैद्य होण्यास कोणतीच परीक्षा नाही, अनुज्ञा नाही. ज्याच्या मनात येईल तो औषध देतो आणि रोगी भोगतो. त्याला सर्वांत नवल वाटले ते जळवांचे. शीर उघडून रक्त काढण्याची कला येथल्यांना अवगत नाही, पण एकेका रोग्याच्या अंगावर शंभर शंभर जळवा लावतात, आणि त्या रक्त पिऊन आपोआप गळून पडेपर्यंत काढणे कोणास जमत नाही, असे तो कुचेष्टेने लिहितो.

ही कुचेष्टा वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. फ्रायरचा आक्षेप रक्त काढण्यावर नव्हता. तो स्वतःही रक्त काढणाराच होता. १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्याला उपचारासाठी बोलावले. जनानखान्यातील रुग्ण स्त्री पडद्याआड. वैद्याची पारख करावी म्हणून आधी एका धडधाकट दासीचा हात पडद्याबाहेर करण्यात आला. नाडी पाहून फ्रायरने ही निरोगी असल्याचे सांगितले, तेव्हा कोठे खऱ्या रुग्णेचा हात पुढे आला. पुढे तेथे त्याने शीर उघडून रक्तही काढले. म्हणजे सुरतेचा वैद्य जळूने रक्त काढी आणि लंडनचा वैद्य नस्तराने. रक्त काढावे की नाही, याविषयी दोघांत मतभेद नव्हता. बिघडलेले रक्त बाहेर गेले म्हणजे रोग गेला, ही समजूत तापीकाठी आणि थेम्सकाठी सारखीच पक्की होती.

आपल्याकडे या समजुतीला शास्त्राचे मोठे पाठबळ होते. सुश्रुतसंहितेत जळवांना एक अख्खा अध्याय दिलेला आहे. त्यांच्या बारा जाती सांगितल्या आहेत, सहा विषारी व सहा निर्विष. दातांच्या मुळांचे, म्हणजे आपण ज्याला हिरड्यांचे म्हणतो त्या रोगांचे पंधरा प्रकार तेथे वर्णिलेले आहेत. त्यांपैकी पहिला 'शीताद'. हिरडीतून अकस्मात रक्त येते, तिला दुर्गंधी सुटते, ती काळवंडते, मऊ पडते आणि झिजत जाते. उधन्याच्या माझ्या यजमानांचे दुखणे याहून नेमक्या शब्दांत कोणी सांगावे! उपचार मात्र असा: प्रथम त्या हिरडीतले रक्त काढावे, मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याच्या गुळण्या धराव्यात. गुळण्यांविषयी मला बोलायचे नाही. त्यांनी तोंड स्वच्छ होत असेल तर उत्तमच. पण रक्तस्राव हेच ज्या रोगाचे लक्षण, त्यावर रक्तस्राव हाच उपाय, हा विचार दोन हजार वर्षे कोणालाही विसंगत वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तो विसंगत वाटू लागला मोजदादीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये जळवांचे वेड इतके वाढले होते की, देशातील डबकी उपसून पुरेना म्हणून वर्षाकाठी कोट्यवधी जळवा बाहेरून आणाव्या लागत. त्याच पॅरिसमध्ये पिएर लुई नावाच्या एका शांत वृत्तीच्या वैद्याने रुग्णांच्या नोंदी घेऊन साधी बेरीज-वजाबाकी केली. फुप्फुसदाहाच्या रोग्यांपैकी कोणाचे रक्त लवकर काढले, कोणाचे उशिरा. किती बरे झाले, किती दगावले. १८३५ साली त्याने आपले आकडे प्रसिद्ध केले. रक्त काढण्याचा जो महिमा गाईला जात होता, त्याच्या मानाने गुण फारच थोडा दिसला. जळवांचा बाजार लगोलग बसला नाही. श्रद्धा आकड्यांपुढे लगेच मान तुकवीत नाही. परंतु या उपचाराचा पाया तेव्हापासून खचू लागला.

दुसरीकडे, रक्त हे काढून टाकण्याचे द्रव्य नसून जखम भरून काढणारे द्रव्य आहे, हे ज्ञान काही कारागिरांच्या बोटांत पूर्वीपासून होते. त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्या पुण्याजवळचा आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्यानजीकच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली आणि तिचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये लंडनला छापला गेला. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करून तो कपाळावर पसरायचा, त्याभोवती रेघ आखायची, तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन भुवयांमध्ये तिचा एक देठ तसाच जोडलेला ठेवायचा. मग ती कातडी पिळा देऊन खाली उलटायची व नाकाच्या जागी बसवायची. सांधे धरण्यास टाके नाहीत. कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. होय, तोच कात, जो आपण विड्याला लावतो. चारसहा दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो देठ कापून टाकायचा.

सारे मर्म त्या देठात आहे. त्यातून रक्त वाहत राहते, म्हणून उलटलेली कातडी जगते. आणि नव्या जागी रक्ताच्या वाटा तयार झाल्यावरच देठ तोडता येतो. त्या वीटकऱ्याचे नाव वृत्तान्तात नाही. इंग्रज सेनेच्या बैल हाक्याचे नाव टिकले, पाहणाऱ्या वैद्यांची टिकली, करणाऱ्याचे मात्र राहिले नाही. पुढे १८१४ साली लंडनच्या जोसेफ कार्पू याने हीच रीत योजून शस्त्रक्रिया केली आणि युरोपात तिला 'हिंदी पद्धत' हे नाव पडले.

रक्तात असे काय आहे की, ज्याने तुटलेले जुळते? या प्रश्नाला हात घालण्यास सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १८८२ साली इटलीतील तुरीनच्या ज्युलिओ बिझोझेरो याने लहान प्राण्यांच्या जिवंत रक्तवाहिन्यांत डोकावून पाहिले. तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज आणखी एक जात त्याला दिसली: अगदी बारीक, बिनरंगी चकत्या. वाहिनीला इजा होताच त्या धावून तेथे चिकटत, एकमेकींना बिलगत आणि भगदाड बुजवीत. याच त्या प्लेटलेट, ज्यांना मराठीत बिंबाणू म्हणतात. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द आज घराघरांत नेऊन पोचविला आहे. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरमागे दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात, हा आकडा आता शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्यांचे आयुष्य अवघे आठ-दहा दिवसांचे.

बिंबाणू म्हणजे भोक बुजविणारे बूच, एवढीच त्यांची ओळख पुढे नव्वद वर्षे राहिली. ती बदलली १९७४ साली, आणि बदलली ती हृदयरोगाच्या शोधात. अमेरिकेतील सिएटल येथे रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशी काचपात्रात वाढवीत होते. गोठलेल्या रक्तातून पाझरलेला रक्तरस घातला की पेशी जोमाने वाढत; बिंबाणू काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून केलेला रस घातला की त्या सुस्त पडत. म्हणजे वाढीचे खत बिंबाणूंच्या पोटात होते! रक्त गोठताना बिंबाणू फुटतात आणि आपल्या कणिकांत साठविलेले हे पदार्थ बाहेर टाकतात. जखमेच्या जागी पेशींना बोलावणे, त्यांना वाढावयास लावणे, नव्या केशवाहिन्या फुटण्यास चालना देणे, ही कामे ते पदार्थ करतात. बूच बसविणारा गवंडीच पुढच्या बांधकामाची वर्दी देतो, असे म्हणा ना.

येथून दंतवैद्यकाकडे वळताना दात काढल्यानंतरचा प्रसंग आठवा. दंतवैद्य बोळा चावून धरावयास सांगतो, आणि त्या दिवशी खळखळून चूळ भरू नका असे बजावतो. का? कारण त्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसते, तीच पुढच्या हाडाची पहिली वीट. ती निघून गेली तर खड्डा कोरडा पडतो, हाड उघडे पडते आणि असह्य ठणका लागतो. म्हणजे निसर्ग स्वतःच हा उपचार करीत असतो. माणसाने एवढेच मनात आणले की, ही गुठळी नुसत्या रक्तापेक्षा अधिक कसदार करता येईल काय?

१९९७ साली अमेरिकेतील व्हिटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या शस्त्रक्रियेत बिंबाणूंचा चीक वापरल्याचे लिहिले. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांचा गाजलेला लेख आला. ज्या रुग्णांच्या जबड्याचे हाड नाहीसे झाले होते, अशा ८८ जणांवर त्यांनी हाडाचे कलम केले; काहींत रुग्णाच्याच रक्तातून काढलेला बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव मिसळला, काहींत नाही. त्या द्रवात बिंबाणूंची संख्या नेहमीच्या साडेतीन पटींच्या आसपास होती. ज्या कलमांत तो मिसळला होता त्यांत हाड लवकर व अधिक दाट तयार झाल्याचे मार्क्स यांना आढळले. दंतवैद्यांच्या जगात या लेखाने खळबळ उडविली.

परंतु रीत खटाटोपाची होती. रक्त गोठू नये म्हणून आधी त्यात औषध घालायचे, ते दोनदा यंत्रात फिरवायचे, आणि मग तेच गोठावे म्हणून गाईच्या रक्तातून काढलेले थ्रॉम्बिन घालायचे. या गोथ्रॉम्बिनामुळे क्वचित एखाद्याच्या शरीरात स्वतःच्याच रक्त गोठविणाऱ्या घटकाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, हे हृदयाच्या शस्त्रक्रियांत दिसून आले होते. शिवाय फ्रान्समध्ये रक्ताच्या पदार्थांत असली भेसळ करण्यावर कायद्याची कडक बंधने होती.

आणि बंधनातूनच वाट निघाली. नीस येथील भूलतज्ज्ञ जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली दाखविले की, रक्तात काहीच घालू नये. दंडातून सुमारे दहा घन सेंटिमीटर रक्त साध्या नळीत घ्यावे आणि क्षणाचाही विलंब न लावता यंत्रात मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांनी दहा-बारा मिनिटे फिरवावे. रक्त फिरता फिरताच गोठते. नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात: तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर पाणी, आणि मधे फायब्रिनच्या तंतूंची लवचिक, फिकट गुठळी, जिच्या जाळ्यात बिंबाणू व पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. ती चिमट्याने उचलून दाबली की पातळ पडदा तयार होतो. तंतूंच्या जाळ्यातून वाढीचे पदार्थ एकदम न सुटता काही दिवस झिरपत राहतात. सारे काही रोग्याचे स्वतःचे; म्हणून रक्तगट जुळविणे नको, परक्या रक्तातून येणाऱ्या रोगाची भीती नको. अट एकच, हात चपळ हवा. नळी भरल्यावर दोन मिनिटे गप्पांत गेली तर गुठळी वेडीवाकडी बसते.

स्वस्त यंत्र, साधी नळी आणि रोग्याचे स्वतःचे रक्त. ही त्रयी आपल्या देशाला मानवली नसती तरच नवल. या विषयावर जगात ज्या चाचण्या झाल्या, त्यांत भारतीय दंत महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. आणि आज सुरतेसारख्या शहरातल्या गल्लीतील दवाखान्यातही ते लहानसे यंत्र घरघरताना ऐकू येते.

आता यजमानांच्या हिरडीकडे परत येऊ. दातांवर साचणारे कीट आणि त्यातील जंतू यांमुळे हिरडी सुजते, दातापासून सुटते, आणि आतले हाड खंगून दाताच्या बाजूस खळगा पडतो. दंतवैद्य हिरडी उघडून तो खळगा स्वच्छ करतो. अडचण पुढेच आहे. हिरडीची त्वचा भराभर वाढते आणि हाड सावकाश. हाडाला सवड मिळण्यापूर्वीच त्वचा खळग्यात उतरून जागा अडविते. १९८२ साली स्वीडनमधील नीमन आदी संशोधकांनी मधे एक पडदा घालून त्वचेला थोपविले आणि खालच्या ऊतींना वाढण्यास अवधी मिळवून दिला. शुक्रून यांचा रक्ताचा पडदा खळग्यात भरण्यामागे तोच हेतू आहे, त्यात बिंबाणूंच्या खताची भर.

मग गुण येतो काय? येथे मला पॅरिसचा तो मोजदाद करणारा लुई आठवतो. २०१८ साली 'कॉक्रन' या संस्थेने हाडातील अशा खळग्यांवरच्या ३८ चाचण्या एकत्र तपासल्या. खळगे होते सुमारे चौदाशे. नुसती हिरडी उघडून केलेली सफाई, किंवा सफाईबरोबर हाडाची भुकटी, यांच्या जोडीस बिंबाणू दिले असता खळगा अधिक भरलेला दिसला. मात्र जेथे तो थोपविणारा पडदा किंवा दंतवल्काच्या प्रथिनांचे औषध आधीच वापरले होते, तेथे बिंबाणूंनी विशेष भर घातली नाही. आणि परीक्षकांनी स्वच्छ शब्दांत सांगितले की, या पुराव्याचा भरवसा अत्यंत कमी आहे. बहुतेक चाचण्या लहान व सदोष आहेत.

म्हणून या उपचाराला थोतांड म्हणणारे मला उतावळे वाटतात. परंतु पडलेले हाड हमखास उगवून देतो, असे फलक लावणारे त्यांहून अधिक उतावळे आहेत. फ्रायरने सुरतेत पाहिलेला तो परीक्षेवाचूनचा बाजार निराळ्या वेषात पुन्हा भरू शकतो. यंत्र दाराशी असले की प्रत्येक हिरडीत खळगा दिसू लागतो. ज्याच्या महिन्याच्या मिळकतीतून एका नळीचे पैसे जातात, त्या माणसाला हे आकडे सांगितले गेले पाहिजेत, आणि त्याला समजेल अशा भाषेत. यातले काहीही त्या बाकावर बसलेल्या माझ्या यजमानांना कोणी सांगितलेले नव्हते.

मी आत जाऊन त्या दंतवैद्यांना विचारले. माणूस तरुण व सरळ होता. त्यांना माझ्या प्रश्नांचा राग आला नाही. क्षकिरण चित्र त्यांनी उजेडाला धरून दाखविले. दाढेच्या मागच्या बाजूस तीन भिंतींचा खोल खळगा होता. बिंबाणूंचा उपयोग झाला तर अशाच ठिकाणी होतो. मग त्यांनी यजमानांना जवळ बोलावून खिशातली तंबाखूची डबी टेबलावर ठेवावयास सांगितले. तंबाखू चालू असताना हिरडीला येणारे रक्त आधीच बेताचे असते. तेथे नळीतले रक्त भरून काय साधणार, असे ते म्हणाले. आधी दातांवरचे कीट काढू, तीन महिने डबी सुटते का पाहू, हिरडीचे रक्त थांबते का पाहू, आणि मग नळीचे ठरवू.

यजमानांनी डबी टेबलावरच राहू दिली. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला.